धूर, काजळी आणि बुरशी

अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत, ऑस्टिन शहराच्या जवळपास, आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत त्याच्याकडे कांहीं दिवस राहण्याचा योग आला. त्यानें नुकतेंच एक जुनें घर विकत घेतलें होतें. घराच्या मागील अंगणांत एका ओक वृक्षाखालीं एक काळी लोखंडी पेटी उभी होती. तेलवाहू नळाचा जाड तुकडा कापून, त्यास पाय लावून, वर झाकण बसवावें तसा तिचा आकार. एका अंगास विस्तवाची लहान पेटी, दुसऱ्या अंगास धुराडें. अशा पेटीस तिकडे ‘स्मोकर’ म्हणतात. आपण तूर्त धूरपेटी म्हणूं. घर विकणाऱ्या वृद्ध बाई जातांना एवढेंच सांगून गेल्या होत्या कीं, यजमान गेल्यापासून हिचें झाकण कोणीं उघडलेलें नाहीं. त्यास चार वर्षें झालीं होतीं. विद्यार्थ्यानें आमच्या देखत झाकण उचललें आणि आम्ही दोघेही दोन पावलें मागें सरलों. आंतील जाळीवर आणि तळाशीं साचलेल्या चरबीवर पांढऱ्या व हिरव्या बुरशीचा कापसासारखा थर पसरला होता, आणि दमट, आंबूस अशी एक घाण बाहेर आली.

“सर, भंगारांत देऊन टाकूं कां?” त्यानें विचारलें.

आम्हीं म्हटलें, “थांब जरा.”

थांब म्हणण्याचें कारण स्वच्छतेची आवड हें नव्हतें. आमच्या मनांत एक शंका उभी राहिली होती. ही पेटी मांसास धूर देण्याची. मांसास धूर देण्याची रीति मनुष्यानें मूळ काढली ती कशासाठीं? तें कुजूं नये, त्यावर बुरशी येऊं नये, म्हणूनच. मग जी वस्तु बुरशीच्या निवारणासाठीं जन्मास आली तिच्याच पोटांत बुरशीनें घर कसें केलें? वरवर पाहतां हा प्रश्न रसायनशास्त्राचा दिसतो. परंतु त्याचें अर्धें उत्तर इतिहासांत आहे, असें आमचें मत झालें, आणि तेंच वाचकांपुढें ठेवण्याचा येथें विचार आहे. आम्ही स्वतः मांसाहारी नाहीं. तेव्हां चवीच्या बाबतींत आमचा अधिकार शून्य, हें आरंभींच कबूल करून टाकतों.

‘बार्बेक्यू’ हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. कॅरिबियन समुद्रांतील बेटांवर राहणाऱ्या ताइनो लोकांपासून तो स्पॅनिश लोकांनीं उचलला. गोन्सालो फेर्नान्देस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराच्या १५२६ सालच्या ग्रंथांत तो ‘बार्बाकोआ’ या रूपानें आढळतो. त्याचा अर्थ काठ्यांचा उंच माचा, एवढाच. या माच्यावर मांस भाजीत, आणि धान्य साठवण्याच्या माच्यासही हाच शब्द चाले. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीनें १६९७ सालीं छापलेल्या प्रवासवृत्तांत तर जमिनीपासून तीनेक फूट उंच असलेल्या, रात्रीं निजण्याच्या माच्यासच हें नांव दिलें आहे! म्हणजे ज्या शब्दानें आज मांस, मसाला व मेजवानी हीं डोळ्यांपुढें येतात, त्यांत मुळीं मांस नव्हतेंच. होत्या त्या चार मेढी व कांहीं आडव्या काठ्या. जॉन व्हाइट या चित्रकारानें १५८५ सालीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काढलेल्या चित्रांत ही रचना स्पष्ट दिसते, आणि थिओडोर द ब्री यानें १५९० सालीं त्यावरून ताम्रपट कोरून तें दृश्य युरोपांत घरोघरीं नेलें: चार मेढी, वर काठ्या, काठ्यांवर मासे, खालीं विस्तव. ब्राझीलकडील तुपी लोक अशाच माच्यास ‘बूकां’ म्हणत. त्यावर मांस धुरावून दिवस काढणाऱ्या बेटांवरील शिकाऱ्यांस ‘बुकानिअर’ हें नांव मिळालें, आणि पुढें तेच लोक समुद्रावरील लूटमारींत शिरल्यामुळें तो शब्द चांच्यांचा वाचक झाला.

आतां या माच्याची सफाई कशी करीत, असें कोणीं विचारील तर त्या प्रश्नासच अर्थ नाहीं. ओल्या काठ्या तोडाव्या, माचा बांधावा, काम झालें कीं सोडून पुढें जावें. काठ्या जळाल्या किंवा कुजल्या तरी कोणाचें कांहीं बिघडत नसे. बुरशी त्यांवरही येत असेल. पण ती अरण्यांतील बुरशी, कोणाच्या मालकीची नव्हे.

इंग्रज वसाहतवाल्यांच्या हातीं हा माचा जमिनींत उतरला. व्हर्जिनिया व कॅरोलायना या प्रांतांत लांब चर खणावा, ओक किंवा हिकरी यांचीं लाकडें निराळीं जाळून त्यांचे निखारे फावड्यानें चरांत पसरावे, चरावर ओल्या लाकडाचे दांडे आडवे टाकावे व त्यांवर आख्खें डुक्कर किंवा बैल रात्रभर भाजावा, अशी रीति पडली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशींत १७६९ सालच्या मे महिन्यांत अलेक्झांड्रिया गांवीं अशा एका मेजवानीस गेल्याची व रात्रभर तेथेंच राहिल्याची नोंद आहे. नोंद जेमतेम एका ओळीची. १७९३ सालच्या सप्टेंबर महिन्यांत त्याच वॉशिंग्टनच्या हस्तें नव्या राजधानींतील कॅपिटॉल या इमारतीची कोनशिला बसविण्यांत आली, तेव्हांही ५०० पौंड वजनाचा एक बैल भाजला गेला, असें तत्कालीन वृत्तपत्र सांगतें. बैलाचें वजन सांगतें. पण तो बैल रात्रभर कोणीं परतला, चर कोणीं खणला, दुसऱ्या दिवशीं राख काढून तो कोणीं बुजविला, याविषयीं तें वृत्तपत्र एक अक्षर लिहीत नाहीं.

येथें आम्हांस आमचाच एक दोष सांगितला पाहिजे. अमेरिकेच्या इतिहासाचे पाठ आम्ही वर्गांत पंचवीसांहून अधिक वर्षें देत आलों. ती कोनशिला आम्हीं अनेकदां शिकविली. कॅपिटॉलच्या बांधकामावर गुलाम मजूर राबले, त्यांची मजुरी त्यांच्या धन्यांस पोंचती होई, हेंही शिकविलें. परंतु त्या दिवशींच्या भोजनाचा उल्लेख आला कीं ‘मग मेजवानी झाली’ एवढें म्हणून आम्ही पुढें जात असूं. मेजवान्या आपोआप होतात, असेंच जणूं आम्हांस वाटत होतें. एका अंगणांतील बुरशी पाहीपर्यंत, चर कोणीं बुजविला हा प्रश्न आम्हांस सुचला नाहीं.

दक्षिणेकडील मळ्यांवर हें काम गुलामांचें होतें, याविषयीं संशय नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकन सरकारच्या लेखक-योजनेनें, पूर्वीं गुलामगिरी भोगलेल्या व तेव्हां हयात असलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या तोंडून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत दक्षिण कॅरोलायनामधील वेस्ली जोन्स नांवाचा, नव्वदी उलटलेला एक वृद्ध आहे. मेजवानीच्या आदल्या रात्रीं आपण रात्रभर जागून मांस भाजीत असूं व त्यावर मसाल्याचें पाणी फिरवीत असूं, असें तो सांगतो. वॉशिंग्टनच्या रोजनिशींतील ती ओळ आणि जोन्सची ही जबानी एकाच पानावर ठेवून वाचावी, म्हणजे त्या रात्रीचें चित्र पुरें होतें. एक जण मेजवानीस जाऊन रात्रभर राहतो; दुसराही रात्रभरच राहतो.

टेक्ससमध्यें गुलामांच्या मुक्ततेची घोषणा १९ जून १८६५ रोजीं गॅल्व्हेस्टन बंदरांत झाली. पुढील वर्षापासून तो दिवस मुक्त झालेले लोक सणासारखा पाळूं लागले आणि त्या सणाचें मुख्य अन्न बार्बेक्यू हेंच होतें. चर तोच, निखारे तेच, खणणारे हातही तेच. फक्त जेवणारे बदलले. सार्वजनिक जागा त्यांस मिळण्याची पंचाईत, म्हणून ह्यूस्टन शहरांत त्यांनीं वर्गणी जमवून १८७२ सालीं १० एकर जमीन विकत घेतली. ती आजही ‘इमॅन्सिपेशन पार्क’ या नांवानें आहे. २०२१ सालीं हा दिवस साऱ्या अमेरिकेची राष्ट्रीय सुटी झाला.

चर बुजविला कीं सफाई झाली, ही स्थिति फार दिवस टिकली. ती मोडली ती दुकानदारांनीं. मध्य टेक्ससमध्यें जर्मन व चेक वसाहतवाल्यांनीं खाटिकखाने काढले. न विकलेलें मांस फुकट जाऊं नये म्हणून ते त्यास धूर देत. लॉकहार्ट गांवीं चार्ल्स क्राइट्स यानें १९०० सालीं काढलेलें दुकान त्यांपैकींच. या दुकानांत चराच्या जागीं विटांची कायमची भट्टी आली. ती बुजवितां येईना. मग तिची सफाई कशी? उत्तर चमत्कारिक आहे: ती पुसून लख्ख केलीच नाहीं. राख व चरबी काढीत. पण भिंतीवर बसलेली काजळी तशीच राहूं देत. टेलर गांवीं १९४९ सालीं निघालेल्या लुई म्यूलरच्या दुकानाच्या भिंती अशाच धुरानें काळवंडलेल्या आहेत, आणि गिऱ्हाईक तो काळेपणा पाहून बिचकत तर नाहींच, उलट खात्रीनें आंत शिरतें.

हें ऐकून आपल्याकडील गृहिणी नाक मुरडील, असें प्रथम वाटतें. पण ती मुरडणार नाहीं. तिच्या स्वयंपाकघरांतील बिडाचा तवा पाहावा. वर्षानुवर्षें तेल मुरून त्यावर जो काळा, गुळगुळीत थर चढतो, तो ती जिवापाड जपते. नव्या सुनेनें तो तवा राखेनें घासून पांढरा केला तर घरांत काय प्रसंग होतो, तें अनुभवी वाचकांस सांगावयास नको. तेल तापून लोखंडावर घट्ट बसतें, पाणी लोखंडापर्यंत पोंचत नाहीं, गंज चढत नाहीं. भट्टींतील काजळीही कांहीं अंशीं असेंच काम करते. शिवाय तिच्या अंगीं आणखी एक गुण आहे. कार्ल रायखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८३२ सालीं बीच लाकडाच्या डांबरांतून एक तेलकट द्रव्य वेगळें काढलें व मांसावरील त्याचा परिणाम पाहून ग्रीक भाषेंतून त्यास नांव दिलें, ‘क्रिओसोट’, म्हणजे मांसरक्षक. लाकडाच्या धुरांत तीं व तशींच द्रव्यें असतात. जंतु व बुरशी यांस तीं मानवत नाहींत. कोकणांत पावसाळ्याच्या दिवसांत चुलीवरील शिंक्यांत सुकी मासळी किंवा बियाणें टांगून ठेवीत, त्याचेंही कारण हेंच. रायखेनबाखचें नांव त्या घरांत कोणास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

मग मूळ शंका अधिकच बळावते. काजळी मांसरक्षक, पेटीच्या भिंती काजळीनें भरलेल्या; तरी बुरशी आली कोठून? लॉकहार्टच्याच दुकानाची एक हकीकत याचा उलगडा करण्यास उपयोगी पडते. पुढें हें दुकान दुसऱ्या घराण्याकडे आलें, आणि त्या घराण्यांत वारशाची वांटणी अशी झाली कीं धंदा एकाकडे व इमारत दुसऱ्याकडे. शेवटीं १९९९ सालीं धंदा नव्या इमारतींत गेला. जातांना जुन्या भट्टींतील जळते निखारे पत्र्याच्या टबांत घालून, रस्त्यानें ओढत नेऊन, त्यांनीं नवी भट्टी पेटविली. काड्यापेटी कांहीं त्या गांवांत दुर्मिळ नव्हती! अग्निहोत्र्याच्या घरचा अग्नि कसा जपत हें ज्यानें ऐकलें आहे, रात्रीं निखारे राखेखालीं झांकून ठेवावे, विझले तर सकाळीं शेजारणीकडून गोवरीवर विस्तव मागून आणावा, हा आपल्या आज्यांचा परिपाठ ज्याच्या कानीं आहे, त्यास या मिरवणुकीचें नवल वाटणार नाहीं. जेथें विस्तव रोज पेटतो तेथें भिंत कोरडी राहते, चरबी जळून जाते, आणि बुरशीस उसंत मिळत नाहीं. काजळी एकटी रक्षण करीत नाहीं. काजळी आणि ऊब मिळून करतात.

ही जोडी फुटली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. एल्सवर्थ झ्वायर यानें कोळशाच्या चुऱ्याच्या विटांचें पेटंट १८९७ सालींच घेतलें होतें. पण त्यांचा मोठा प्रसार १९२० नंतर हेन्री फोर्डनें केला. मिशिगनमधील त्याच्या कारखान्यांत मोटारीच्या सांगाड्यांसाठीं लाकूड कापलें जाई. उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून, त्याच्या विटा पाडून, त्या तो मोटारीच्या दुकानांतूनच विकूं लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४४ च्या कायद्यानें परतलेल्या सैनिकांस घरासाठीं कर्ज मिळूं लागलें, शहरांबाहेर वसाहती उठल्या, आणि प्रत्येक घरामागें एक स्वतंत्र अंगण आलें. १९५२ सालीं शिकागोकडील वेबर ब्रदर्स या पत्र्याच्या कारखान्यांतील जॉर्ज स्टीफन यानें, पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये तेथें होत त्यांपैकीं एक मधोमध कापला. खालच्या अर्ध्यास पाय लावले, वरच्या अर्ध्याचें झाकण केलें, हवेसाठीं भोंकें पाडलीं. वारा व पाऊस यांपासून विस्तव राखावा हा त्याचा हेतु. टेक्सस व ओक्लाहोमांतील तेलाच्या खाणींवरील वेल्डरांनीं नळाच्या तुकड्यांच्या पेट्या केल्या, त्या याच घराण्यांतील.

आमच्या मतें या साऱ्या इतिहासांत झाकण हीच महत्त्वाची वस्तु आहे. माच्यास झाकण नव्हतें. चरावर झालाच तर पाल्याचा किंवा पत्र्याचा तात्पुरता आडोसा. झाकण आलें आणि विस्तव खाजगी झाला. साऱ्या गांवानें मिळून वर्षांतून दोनदां पेटवावयाचा किंवा दुकानानें रोज पेटवावयाचा विस्तव आतां एका गृहस्थाच्या लहरीवर पेटूं लागला: आधीं दर रविवारीं, मग महिन्यांतून एकदां, मग पाहुणे आले तर. मधल्या दिवसांत झाकणाखालीं काय असतें? जाळीवर उरलेली चरबी, तळाशीं राख, बंद हवा व कोंडलेला ओलावा. बुरशीस याहून अधिक कांहीं लागत नाहीं. ती काजळीवर येत नाहीं, काजळीवर बसलेल्या नव्या चरबीवर येते. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या अलीकडील पेट्यांत तर ओल लागून त्या गोळ्याच फुगतात व बुरसतात. अध्यक्ष आयझेनहॉवर यांची रीति या बाबतींत निर्धोक म्हटली पाहिजे: ते मांसाचा तुकडा सरळ निखाऱ्यांवर टाकून भाजीत, जाळीच नको, म्हणजे जाळी घासणेंही नको!

असो. पेटी भंगारांत न देण्याचें ठरलें. दुसऱ्या दिवशीं नाकातोंडास फडकीं बांधून व हातमोजे घालून आम्ही दोघे कामास लागलों. प्रथम राख व जुना कोळसा काढून टाकला. राखेस ओल लागली कीं ती क्षारासारखी लोखंड खाते, आणि तळ दोन ठिकाणीं पातळ झालेला होता. मग चरबी लाकडी उलथन्यानें खरवडून पिशव्यांत भरली. विद्यार्थ्याचें म्हणणें होतें कीं, आधीं मोठा जाळ करावा, सारें आपोआप जळून जाईल. आम्हीं त्यास अडविलें. उष्णतेनें बुरशी मरते हें खरें; पण तिनें निर्माण केलेलीं कांहीं विषें साध्या शिजवण्याच्या उष्णतेस दाद देत नाहींत, आणि इतक्या चरबीस आग लागली तर ओकचें झाड हातचें जाईल. आधीं खरवडणें, मग कढत पाणी व साबण, मग जाळ, असा क्रम ठरला. त्यानें तारेचा ब्रश आणला होता, तोही आम्हीं बाजूस ठेवविला. या ब्रशाची तार तुटून जाळीस चिकटते व अन्नाबरोबर पोटांत जाते. २०११ व २०१२ या सालांत ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथें असे ६ रोगी आढळले होते, आणि कांहींच्या आंतड्यांस भोंक पडण्यापर्यंत पाळी गेली होती.

झाकणाच्या आंतल्या बाजूस काळे पापुद्रे लोंबत होते. विद्यार्थ्यास वाटलें, रंग उडाला. तो रंग नव्हता. धूर व चरबी यांचीं पुटें एकावर एक चढून, सुकून सुटलीं होतीं. तीं खरवडतांना तो मधेंच थांबला.

“सर, हा काळेपणा कुठवर काढायचा? खालीं आणखी आहेच.”

आम्हीं बोटानें चांचपून पाहिलें. वरचा थर नखानें निघत होता. त्याखालचा काळा, तुळतुळीत, लोखंडाशीं एकजीव झालेला. त्या अपरिचित गृहस्थानें किती वर्षें विस्तव घातला असेल, त्याचा तो हिशेब होता. झाकणाच्या लाकडी मुठीवरही एका बाजूस खोलगट झीज होती. तो डावखुरा असावा. “नखानें निघेल तेवढा काढ,” आम्हीं सांगितलें. “न निघेल तो राहूं दे.”

पेटी धुतली, दिवसभर उन्हांत वाळविली, आंतून तेलाचा हात फिरविला. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं ओकच्या ढलप्या पेटविल्या. धुराड्यांतून आधीं दाट पांढरा धूर निघाला. विद्यार्थी म्हणाला, अजून थांबूं या. तासाभरानें पेटी तापली, धूर पातळ होऊन निळसर झाला, आणि त्याच्या पत्नीनें भरताचीं चार वांगीं जाळीवर ठेवलीं.